आईबाबांना घेऊन एकच शनिवार: ओक पार्क की रिव्हरसाइड?

उन्हाळ्यात आईबाबा आले की आमच्याकडे, शिकागोजवळच्या नेपरव्हिलला, सगळा कार्यक्रम ठरलेला असतो. ऑरोराचं बालाजी मंदिर, डाउनटाउन, ते 'बीन' म्हणतात ते चकचकीत शिल्प, नदीतून बोटीत बसून इमारती, एकदा नायगरा, आणि हे सगळं उरकलं की चौथ्या आठवड्यात बाबा सोफ्यावर पाय वर घेऊन विचारतात, आता काय? माझे बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते, त्यामुळे मॉल दाखवून भागत नाही, त्यांना काहीतरी बांधलेलं बघायचं असतं, आणि तेही शंभर मजली नको, माणसं राहतात असं काहीतरी. शिकागोच्या पश्चिमेला अशी दोन गावं जवळजवळ आहेत आणि दोन्ही मी आईबाबांना, सासूसासऱ्यांना, एकदा पुण्याच्या मित्राला घेऊन तुडवलीयत. ऑफिसात, मंडळाच्या गणपतीत, बरेच जण विचारतात की एकच दिवस आहे, कुठं नेऊ, म्हणून एकदाच नीट लिहितो.

ओक पार्क म्हणजे फ्रँक लॉइड राइट या नावाजलेल्या आर्किटेक्टचं गाव, हे बहुतेकांना माहीत असतं. रिव्हरसाइड हे नाव मात्र आपल्या लोकांनी फक्त ट्रेनमध्ये अनाउन्समेंटला ऐकलेलं असतं. मीसुद्धा नऊ वर्षं बीएनएसएफ नावाच्या रेल्वे लाइनवर रोज त्या स्टेशनावरून गेलोय, आमची एक्स्प्रेस तिथं थांबत नाही, खिडकीतून एक जुनी विटांची पाण्याची टाकी दिसायची, बुरुजासारखी, आणि मी परत फोनमध्ये डोकं घालायचो. एके दिवशी चुकून सगळीकडे थांबणाऱ्या गाडीत बसलो, रिव्हरसाइडला गाडी थांबली, दार उघडलं, आणि समोर जे काही हिरवंगार वळणावळणाचं दिसलं ते बघून पुढच्या शनिवारी मुद्दाम उतरलो. तेव्हा आधीच सांगून टाकतो की माझं मन थोडं एका बाजूला झुकलेलं आहे, पण ओक पार्कवर अन्याय करायचा नाही हेही ठरवलंय, बघू जमतं का.

आधी ओक पार्क. इथली मुख्य गोष्ट म्हणजे राइटचं स्वतःचं घर आणि स्टुडिओ, शिकागो अव्हेन्यू आणि फॉरेस्ट अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर. १८८९ साली बांधलं तेव्हा हा माणूस २२ वर्षांचा होता, नुकतंच लग्न झालेलं, आणि घरासाठी ५,००० डॉलर त्याने आपल्या साहेबाकडून, म्हणजे लुई सलिव्हनकडून, उधार घेतले होते. बाबांना हे लगेच पटलं, साहेबाकडून ॲडव्हान्स घेऊन घर बांधणं म्हणजे आपल्याकडचंच झालं की. पुढची गोष्ट तर आणखी आपली आहे, कर्ज आणि वाढता संसार भागेना म्हणून राइट साहेबाला न सांगता रात्री घरी बसून बाहेरची कामं करायला लागला, कंत्राटात तसं करायचं नाही असं होतं, आणि त्यातली दोन घरं शिकागो अव्हेन्यूवरच, त्याच्या घरापासून चार पावलांवर, अजून उभी आहेत, १८९२ ची. १८९३ ला त्याची आणि सलिव्हनची फारकत झाली. ही दोन्ही घरं बाहेरून अगदी त्या काळच्या फॅशनची, टोकदार छपरं, कोपऱ्याला गोल बुरुज वगैरे, बघितली तर वाटत नाही की हाच माणूस पुढे छप्पर आडवं झोपवणार आहे.

घराच्या आतलं मी लिहून सांगण्यात अर्थ नाही, पण एक खोली सांगतोच. वरच्या मजल्यावर पोरांसाठी १८९५ ला काढलेली प्लेरूम. तिथं जायचा पॅसेज बुटका आणि अंधारा ठेवलाय, आपण आपसूक डोकं खाली घालून चालतो, आणि एकदम वर अर्धगोल छताची उंच खोली उघडते, वरून उजेड पडतोय, आणि खिडक्या मात्र पोरांच्या उंचीच्या, म्हणजे मोठ्या माणसाने खाली बसलं तर बाहेरचं दिसेल. भिंतीतून पियानोचा फक्त पुढचा भाग दिसतो, मागचा सगळा धड भिंतीच्या पलीकडे जिन्याच्या डोक्यावर लोखंडी पट्टीने टांगून ठेवलेला. बाबा त्या पट्टीकडे एवढा वेळ बघत होते की आमचा ग्रुप पुढच्या खोलीत पोचला होता. खाली स्टुडिओत तर ड्रॉइंग रूमची गॅलरीच साखळ्यांनी छतातून तोलून धरलीय. बाबा म्हणाले, हा माणूस खांब देत नाही, टांगतो.

आईला यातलं फारसं काही नको होतं, तिला दुसरी गोष्ट हवी होती, आणि ती गाइडने सांगितली तेव्हा तिचे डोळे चमकले. १९०९ साली राइट बायको आणि सहा मुलांना सोडून युरोपला गेला, बरोबर कोण, तर ज्यांचं घर त्याने याच गावात ईस्ट अव्हेन्यूवर बांधलं होतं त्या चेनी नावाच्या गिऱ्हाइकाची बायको. सहा पोरं टाकून? असं आईने तीनदा विचारलं. दिवसभर मग कुठलंही घर दाखवलं की ती विचारायची, हे त्याने पळून जायच्या आधी बांधलं की नंतर. खरं सांगायचं तर राइटच्या कामाचे टप्पे लक्षात ठेवायची ही काही वाईट पद्धत नाही, कारण आज राइटचं स्वतःचं जे घर दाखवतात ते बरोबर १९०९ ला कसं होतं तसंच परत आणून ठेवलेलं आहे. तो गेल्यावर त्याचे भाड्याच्या जागांसारखे तुकडे झाले होते, १९७४ नंतर पुन्हा काम काढून बारातेरा वर्षं घालवून जागच्या जागी आणलं.

आणि बाबांसाठी मी एक पत्ता राखून ठेवला होता. या स्टुडिओत मॅरियन महोनी नावाची बाई काम करायची, राइटकडे ती १८९५ पासून होती, अमेरिकेत आर्किटेक्टचं लायसन्स मिळवणाऱ्या सुरुवातीच्या बायकांपैकी एक, आणि राइटची म्हणून जगभर गाजलेली ती सुंदर रेखाटनं आहेत ना, झाडापानांतून घर डोकावतंय अशी, त्यातली बरीच हिच्या हातची. तिथंच वॉल्टर बर्ली ग्रिफिन काम करायचा. दोघांनी पुढे लग्न केलं, १९१२ ला ऑस्ट्रेलियाच्या राजधानीच्या, म्हणजे कॅनबेराच्या, नगररचनेची स्पर्धा जिंकली, आणि शेवटी ग्रिफिन कुठे गेला तर लखनौला, तिथल्या विद्यापीठाच्या लायब्ररीचं डिझाइन करायला, आणि १९३७ ला तिथंच वारला, तिथंच पुरलाय. बाबा एकदम गप्पच झाले. मग म्हणाले, म्हणजे या टेबलावरून उठून लखनौ. हो, या टेबलावरून उठून लखनौ.

इथपर्यंत ओक पार्क शंभर टक्के वसूल आहे. थोडं चाललं की युनिटी टेंपल आहे, आधीचं चर्च १९०५ ला वीज पडून जळलं म्हणून राइटने हे साध्या ओतीव काँक्रीटचं बांधलं, १९०८ पर्यंत, आणि २०१९ ला त्याच्या ज्या ८ इमारती जागतिक वारशात गेल्या त्यात हे आहे. लेक स्ट्रीटवरून बघितलं तर नुसती राखाडी भिंत, दार सापडत नाही, बाजूने वळसा घालून मागे जावं लागतं. आई वैतागली, देवाच्या घराला पुढून दार नाही म्हणजे काय. आत गेल्यावर मात्र वरून पिवळसर उजेड पडत होता त्यात ती पंधरा मिनिटं हलली नाही, आणि रस्त्यावरची एवढी रहदारी आत ऐकू येत नव्हती हे तिनेच मला सांगितलं.

आता माझी अडचण. ओक पार्कमध्ये आतून बघण्यासारख्या दोनतीन जागा, बाकी राइटची जी पंचवीसेक कामं त्या गावात आहेत ती जवळपास सगळी लोकांची राहती घरं. म्हणजे तुम्ही काय करता, तर फुटपाथवर उभं राहून दुसऱ्याच्या घरात बघता. दोनतीन घरं बघितली तोपर्यंत काही वाटत नाही. फॉरेस्ट अव्हेन्यूवर एक हर्टली हाउस आहे, १९०२ चं, विटांच्या आडव्या पट्ट्यांचं, कमानीचं बुटकं दार पुढच्या एका भिंतीमागे लपवलेलं, राहायच्या खोल्या वरच्या मजल्यावर, मोठं पुढे आलेलं छप्पर, रंगीत काचांच्या खिडक्या. हे सगळं कशासाठी तर आतल्याला बाहेरचं दिसावं आणि बाहेरच्याला आतलं दिसू नये म्हणून. म्हणजे ज्या माणसाने आयुष्यभर घरातल्यांना रस्त्यावरच्या नजरेपासून लपवायचा विचार केला, त्याच्या घरांसमोर आम्ही नजर लावून उभे, बाबा बोट दाखवतायत, आई पुन्हा दार शोधतीय, पोरगा कुंपणाच्या दगडावर चढलाय, आणि बायको फोटो काढतीय.

हे होतं तसं त्याच रस्त्यावर पुढच्या एका घरासमोर चालू होतं, कुठलं ते जाऊ दे, आणि मागून एक गाडी घरातून बाहेर निघायला बघत होती, आम्ही बरोबर त्यांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी. काच खाली झाली, एक बाई होत्या, हसल्या, सावकाश होऊ द्या असं काहीतरी म्हणाल्या आणि खरंच थांबून राहिल्या. त्यांनी काहीच वाईट केलं नाही, उलट एवढ्या चांगल्या वागल्या की त्यामुळेच जास्त लाज वाटली. बाबा एकदम आक्रसले. त्यानंतर ते रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून चालायला लागले, आणि मी इकडून ओरडून सांगायचो की हे १९०१ चं, या गावातलं त्याचं पहिलं त्या नव्या पद्धतीचं घर, आणि ते मान हलवायचे पण वर बघायचे नाहीत. आई म्हणाली, आपल्या बिल्डिंगसमोर कोणी असं रोज उभं राहिलं असतं तर तू काय केलं असतंस? मी काहीच केलं नसतं, सोसायटीच्या वॉचमनने केलं असतं, पण मुद्दा कळला.

तुम्ही म्हणाल एवढंच ना. हो, एवढंच. पण एकदा हे डोक्यात बसलं की जात नाही. पुढच्या वर्षी मित्राला घेऊन गेलो तेव्हा मला घरं दिसेनात, पडदे दिसायला लागले, पोर्चवरच्या पोरांच्या सायकली दिसायला लागल्या, एका खिडकीत औषधाच्या बाटल्या होत्या. तो मित्र आर्किटेक्ट आहे, त्याला काही फरक पडला नाही, तो म्हणाला की चांगल्या इमारतीच्या मालकाने हे सहन करायचंच असतं. असेलही. मला जमत नाही.

रिव्हरसाइडला हे होत नाही, आणि का होत नाही ते कळायला मला दोन फेऱ्या लागल्या. तिथं घरं बघायला जायचंच नसतं. तिथं बघायची गोष्ट म्हणजे रस्ता, ज्यावर तुम्ही आधीच उभे आहात. आणि रस्ता सगळ्यांचा, त्यावर उभं राहून कितीही वेळ बघा.

थोडं मागचं सांगायला हवं. न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क केलेले फ्रेडरिक लॉ ऑल्मस्टेड आणि कॅलव्हर्ट वॉ या दोघांना १८६८ साली एका कंपनीने बोलावलं, शिकागोपासून नऊएक मैलांवर डेस प्लेन्स नदीच्या वळणात १,६०० एकर जागा होती, रेल्वे नुकतीच आलेली, तिथं गाव वसवायचं होतं. शिकागो म्हणजे सगळं काटकोनात, फूटपट्टीने आखलेलं. ऑल्मस्टेडने ठरवलं की इथं एकही रस्ता सरळ नको, कारण सरळ रस्ता बघितला की माणूस घाई करतो, वळणाचा असला की निवांत चालतो. घरं रस्त्यापासून ठरावीक अंतर मागे, पुढे झाडं लावायची सक्ती, चौकाच्या जागी हिरवे त्रिकोण, नदीकाठ कोणाच्या मालकीचा नाही, सगळ्या गावाचा. कंपनीचं नाव होतं रिव्हरसाइड इम्प्रूव्हमेंट कंपनी. हे नाव ऐकल्यावर बाबा थांबले. त्यांचं लहानपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेलंय, तिसऱ्या गल्लीत, आणि हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स हे सगळं कोणी आखलं तर १८९६ च्या प्लेगनंतर १८९८ साली स्थापन झालेल्या मुंबईच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने. आमची पण इम्प्रूव्हमेंटच की, म्हणाले, आणि त्यानंतर जी काही गाडी सुटली ती संध्याकाळपर्यंत थांबली नाही, कुठल्या गल्लीच्या तोंडाशी कुठलं झाड होतं, कुणाच्या बंगल्याच्या जागी आता किती मजल्यांचा टॉवर आलाय, सगळं.

कंपनीचं पुढे काही बरं झालं नाही. ऑल्मस्टेड आणि वॉ १८७० मध्येच बाहेर पडले, १८७१ ला शिकागो जळलं, १८७३ ला बाजार कोसळला आणि कंपनी बुडाली. पण आखणी झालेली होती, ती कोणी पुसली नाही. काम पुढे नेलं ते विल्यम ले बॅरन जेनीने, तो त्याच गावात राहायचा, ती पाण्याची टाकी त्याचीच, १८७१ ची. हाच जेनी पुढे १८८५ ला शिकागोत होम इन्शुरन्सची दहा मजली इमारत बांधतो, जिला बरेच जण जगातला पहिला स्कायस्क्रेपर म्हणतात. ती केव्हाच पाडली, टाकी मात्र उभी आहे. नऊ वर्षं मी खिडकीतून बघत होतो ते हे.

बाबांनी तिथं पोचल्यावर दहा मिनिटांत एक गोष्ट पकडली जी मला दोन फेऱ्यांत दिसली नव्हती. ते उकिडवे बसले, हाताने हवेत एक रेघ मारली आणि म्हणाले, रस्ता बाजूच्या जमिनीपेक्षा खाली घेतलाय. आणि खरंच, रस्ते थोडे खोल आहेत, मुद्दाम, म्हणजे एका बाजूच्या घरातून बघितलं तर रस्ता मधे येत नाही, हिरवळ सलग पलीकडच्या हिरवळीला मिळाल्यासारखी दिसते. मग लगेच ओव्हरसियर जागा झाला, पाणी कुठं काढलंय, पाऊस पडला की हा नाला होणार. तर गंमत म्हणजे ऑल्मस्टेडच्या अहवालात सौंदर्याइतकाच भर रस्त्याच्या बांधणीवर, पायवाटांवर आणि पाण्याच्या निचऱ्यावर आहे, त्या काळी शिकागोच्या बाहेर पाऊस झाला की गाड्या चिखलात रुतायच्या आणि कोणी राहायला यायला तयार नसायचं. नदीचं पाणी मात्र अजूनही कधीकधी खालच्या भागात येतं, २०१३ च्या एप्रिलमध्ये बऱ्यापैकी आलं होतं. बाबांनी मान हलवली, नदी आहे म्हटल्यावर येणारच, असं.

आता तिथंही राइट आहेच, सुटका नाही. नदीच्या वळणावर कूनली नावाच्या श्रीमंत कुटुंबासाठी त्याने १९०७-०८ च्या सुमाराला मोठं थोरलं घर बांधलं, आणि १९१२ ला मुलांच्या शाळेसाठी शेजारी एक छोटी इमारत, जिच्या खिडक्यांत फुगे आणि झेंडे आणि रंगीत कागदाचे कपटे काचेत बसवले होते. त्या मूळ काचा आता तिथं नाहीत, म्युझियममध्ये गेल्या, न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये दिसतील. घराचे १९५० च्या दशकात तुकडे झाले, राहायचा भाग एकाचा, झोपायच्या खोल्यांचा भाग दुसऱ्याचा, तबेला तिसऱ्याचा. वाटण्या झाल्या, बाबा म्हणाले. आणि ज्याच्याकडून ५,००० उधार घेतले होते त्या सलिव्हननेही त्याच सुमाराला याच गावात बॅबसन नावाच्या माणसाचं घर बांधलं होतं, म्हणजे गुरू आणि चेला एका गावात. ते घर १९६० ला पाडलं, तबेला वगैरे शिल्लक आहे. कूनलीच्या घरापुढे आम्ही दोन मिनिटं थांबलो आणि पुन्हा तसंच वाटायला लागलं, लोकांच्या दारात उभं राहिल्यासारखं, तर सरळ नदीकडे उतरलो. दिवसभरात ती दोनच मिनिटं, म्हणून चाललं. आणि मला वाटतं राइटचं घरही इथं वेगळं दिसतं, ओक पार्कमध्ये ते शेजाऱ्याच्या खांद्याला खांदा लावून उभं असतं आणि ओळख करून दिल्यावर कळतं, इथं झाडांतून वळताना अचानक एक लांबलचक छप्पर दिसतं आणि पुढच्या वळणाला जातं. हे माझं वाटणं आहे, आर्किटेक्ट मित्र म्हणतो की मी चांगला बघणारा नाही, बरोबर असेल.

रिव्हरसाइडचे तोटे लपवत नाही. पहिला म्हणजे हरवता. आपण शिकागोवाले नंबर आणि दिशा यांच्यावर चालतो, तिथं उजवीकडे वळलो म्हणजे उजवीकडे पोचलो असं होत नाही, दोन वेळा वळलं की स्टेशन पाठीमागे होतं ते पुढे येतं. आईने एका त्रिकोणापाशी जाहीर केलं की हे झाड मघाशी बघितलंय, आणि ते खरंच तेच झाड होतं. त्या नादात आमची परतीची गाडी गेली, आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, चूक माझीच, टाइमटेबल घरी बघून ठेवायला हवं होतं. दुसरा तोटा, तुम्हाला कोणी काही सांगत नाही. ओक पार्कमध्ये गाइड असतो, तो गोष्ट सांगतो, तुमच्यावर भार नाही. इथं तुम्ही आधी चार गोष्टी वाचून गेला नाहीत तर ती नुसती छान झाडांची वस्ती आहे. सासूबाईंना नेलं तेव्हा मी घाईत होतो, काही सांगितलं नाही, तासाभराने त्या म्हणाल्या, झाडं तर तुमच्या मागच्या अंगणातही आहेत. खायला-प्यायलाही स्टेशनजवळचं थोडंफार सोडलं तर काही नाही, ओक पार्कमध्ये लेक स्ट्रीटवर दहा प्रकार मिळतात.

म्हणून माझं म्हणणं असं आहे, आणि हे माझ्यापुरतं. बरोबर कोणी आर्किटेक्चर शिकणारं पोर असेल, किंवा राइट हे नाव ऐकून आलेला पाहुणा असेल, तर ओक पार्कच, दुसरा विचार करू नका, घराची आणि युनिटी टेंपलची तिकिटं आधी काढून ठेवा, आणि बाहेरच्या घरांची रांग करत बसू नका, दोनच बघा, हर्टली आणि त्याच्या पलीकडे नेथन मूरचं, जे १८९५ चं असून १९२२ च्या नाताळाच्या दिवशी जळलं आणि परत बांधलं. पाऊस किंवा जानेवारी असेल तरीही ओक पार्क, कारण आत जायला छप्पर आहे, रिव्हरसाइड बर्फात मी एकदा केलंय, सुंदर होतं पण वीस मिनिटांनी पायाची बोटं कळेनाशी झाली. गुडघे दुखणारं कोणी असेल तर थोडा विचार करा, राइटच्या घरात जिने आहेत आणि तासभर उभं राहावं लागतं, जुन्या वस्तूंवर बसता येत नाही हे कुठल्याही अशा घरात असतंच. रिव्हरसाइडला नदीकाठी बसून राहता येतं, गावाची लायब्ररीही नदीकाठीच आहे, तिचा दुसरा उपयोग आईबाबांना घेऊन फिरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. बारकी पोरं असतील तर ब्रूकफिल्डचा झू अगदी शेजारी आहे, सकाळी एक टीम तिकडे आणि एक इकडे, असं आम्ही केलंय.

पण जर पाहुणे म्हणजे आईबाबा असतील, मोकळा शनिवार असेल, मे ते ऑक्टोबरमधला असेल, आणि घरी कोणी जुन्या कॉलनीत वाढलेलं असेल, तर मी रिव्हरसाइड म्हणेन. ओक पार्कहून परत येताना बाबा राइटबद्दल बोलत होते. रिव्हरसाइडहून परत येताना ते तिसऱ्या गल्लीबद्दल बोलत होते, मधे दोनदा त्यांनी हात हवेत वळवून रस्ता काढून दाखवला, आणि मला चाळीस वर्षांत पहिल्यांदा कळलं की त्यांच्या घरापासून फाइव्ह गार्डन्सला ते कुठल्या बाजूने जायचे.

एक राहिलं. रिव्हरसाइडच्या रस्त्यांवर अजून गॅसचे दिवे आहेत, शोभेचे नाही, चालू. ते बघायचे म्हणून थांबणार असाल तर जूनमध्ये साडेआठ-नऊशिवाय अंधार पडत नाही हे धरून चला, परतीची गाडी आधी बघून ठेवा, आणि दशम्या-चटणीचा डबा बरोबर असू द्या, आम्ही टाकीच्या समोरच्या हिरवळीवर बसून खाल्ला, कोणी काही म्हटलं नाही.